लाडू कुणाचे, ताकद कुणाची?

मैत्रिणींनो, आपण मालिकांवर टीका करतो ती सासू-सुनांच्या. मुलांच्या कार्टूनकडे मात्र ‘तेवढाच वेळ शांत बसतात’ म्हणून डोळेझाक करतो. ‘छोटा भीम’ गंगापूर रोडच्या सोसायट्यांतली मुलं पाहतात, तशीच तिथे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांची मुलंही पाहतात. बाईचं काम कोणतं, पुरुषाचं कोणतं, याचे धडे ती तिथेही गिरवतात.

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीची ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. तिच्यातलं चांगलं आधी सांगायला हवं. परदेशी कार्टूनच्या गर्दीत धोतर नेसणारा, लाडू खाणारा आपल्याकडचा मुलगा नायक झाला. तो राजपुत्र नाही, तरी राजा इंद्रवर्मा अडचणीत त्यालाच बोलावतो. कालियाशी त्याचं सतत वाजतं, पण म्हणून त्याला कुणी गावाबाहेर काढत नाही. ढोलू-भोलूची फजिती पाहून मोठ्यांनाही हसू येतं. आणि टुनटुन मावशी तर स्वतःचं लाडवांचं दुकान चालवणारी कमावती बाई!

पण इथेच खटकतं. लाडू खाल्ला की भीमला बळ येतं. लाडू वळते मावशी, पुरवते तिची मुलगी चुटकी, आणि जयजयकार होतो भीमचा. मावशीचे लाडू चोरले तर तो विनोद ठरतो. तिच्या कष्टांचा हिशोब कुणी मांडत नाही. आपल्या घरांत तरी वेगळं काय घडतं? चुटकी हुशार आहे, धीट आहे, पण शेवटचा ठोसा बहुधा भीमचाच. दांडगट मुलाचं नाव ‘कालिया’, आणि गोड मुलगी गोरी, गुलाबी गालांची. सावळ्या मुलीनं यातून काय घ्यायचं?

जून २०२० मध्ये समाजमाध्यमांवर ‘चुटकीला न्याय द्या’ अशी हाकाटी झाली. कशासाठी? तर भीमनं तिला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं म्हणून! ही पात्रं अजून लहान मुलं आहेत, असा खुलासा कंपनीला करावा लागला. थट्टा म्हणून सोडून दिलं, तरी मुलीला न्याय म्हणजे नवरा मिळणं, हेच त्यात गृहीत होतं. चुटकीला पुढारीपण द्या, ही त्यांची मागणी नव्हती.

हे बदलता येतं. अमेरिकेत १९९८ सालीच ‘पॉवरपफ गर्ल्स’मध्ये तीन चिमुरड्या मुली शहर वाचवू लागल्या. त्यात हाणामारी होती आणि हसूही होतं. आपल्या बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघांनाही घरकाम करताना दाखवलं. मग कार्टूननंच मागे का राहावं?

बंदी घालून काही साधत नाही. बालवाडीताईंनी, गटातल्या बायकांनी मुलांबरोबर एक भाग पाहावा आणि विचारावं: लाडू कुणी केले? त्याचे पैसे कुणी दिले? आज मोहिमेची म्होरकी चुटकी असती तर? मुलं या प्रश्नांतून नवी गोष्ट रचतील. ती लिहून घ्या आणि आपल्या अंकासाठी जरूर पाठवा.