मुकी ट्रॉली



आज तूर नाही, कांदा नाही, पाऊसपाणी नाही. दसरा झाला, टोळ्या निघाल्या, आष्टीतून नगरकडं आणि जामखेडकडं ट्रॉल्या जायला लागल्यात, म्हणून हे लिहितोय. ट्रॅक्टरवाल्या भावांना राग येईल. येऊ द्या. माझ्याही दारात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी आहे, तेव्हा मी काही बाहेरचा नाही.

दहावी झाल्यावर दोन हंगाम मी उसाच्या ट्रकवर क्लीनर होतो. गाडी आमच्या भावकीतले तात्या चालवायचे. तात्यांच्या तोंडाला घरात कुणी लागत नसे, पण रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी ड्रायव्हरशी त्यांचं वागणं सोयऱ्यासारखं. मोठ्या गाड्यांची आपसात एक भाषा असते, ती मला तिथं कळली. कारवाल्यांना वाटतं डिपर मारणं म्हणजे 'हट बाजूला'. त्यांनी त्या भाषेतला तेवढा एकच शब्द उचलला, तोही शिवीचा.

आता बघा, एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करतो. ड्रायव्हर बसलेला पुढं, उजव्या अंगाला. गाडीची शेपूट त्याच्या मागं पंचवीस-तीस फूट. रात्री डाव्या आरशात दिसतात फक्त दोन लाईट. ते दहा फुटांवर आहेत का चाळीस, हे आरसा सांगत नाही. समोरून गाडी येतेय, डावीकडं तर घ्यायचंय. अशा वेळी ज्याला मागं टाकलं तोच ड्रायव्हर मदतीला येतो. आपल्या तोंडापुढून त्याची शेपूट सुटली की तो एकदा डिपर देतो. म्हणजे, निघालास, घे डावीकडं. पुढचा मग इंडिकेटर डावा-उजवा लुकलुकवतो नाहीतर खिडकीतून हात दाखवतो. झालं. तिकडं युरोपातले ट्रकवालेही हेच करतात. भाषा वेगळी, देश वेगळा, पण गाडीची लांबी आणि आरशाची अडचण सगळीकडं सारखीच.

क्लीनर असेल तर हे काम तो करायचा. मी डाव्या खिडकीतून मान काढून सांगायचो, 'येऊ द्या, येऊ द्या, निघाली'. आता बहुतेक ट्रकवर क्लीनर दिसत नाही, भाड्यात दोन माणसं परवडत नाहीत. त्यामुळं समोरच्याचा डिपर हाच क्लीनर झालाय.

दुसरं, रात्रीचं. समोरासमोर येताना आधी एकजण लाईट खाली घेतो, मग दुसरा घेतो. नाही घेतली तर एकदाच आठवण करायची. तात्या म्हणायचे, त्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येणार आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही. एवढं साधं गणित आहे. आणि आता तुम्ही काय करता? बंपरला एलईडीची पट्टी, टपाला एलईडीची पट्टी, आणि दोन्ही अपर-डिपरला जोडलेल्या नाहीत. म्हणजे खाली घ्यायचीच सोय नाही. एकतर बंद, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात.

ही भाषा नुसती चालीरीत नव्हती, कायद्यातही होती. १९८९ च्या केंद्राच्या रस्ता नियमांत हाताचे इशारे लिहिलेले होते. मागच्याला 'जा पुढं' सांगायचं तर उजवा हात बाहेर आडवा काढून पुढं-मागं अर्धगोलात हलवायचा. वेग कमी करायचा तर तळवा खाली करून हात वर-खाली. थांबायचं तर हात कोपरातून उभा. घाटात रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं, हेही तिथंच. २०१७ ला त्या जागी नवी नियमावली आली. पण कागद बदलला म्हणून चढाला लागलेली भरलेली गाडी थांबवली तर ती पुन्हा सहज उचलत नाही, हे बदलत नाही. एसटीचे ड्रायव्हर आजही एकमेकाला हात करतात, बघा कधी पुढच्या सीटवर बसून. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावरच धावली. म्हणजे ही बोली आपल्या दारातूनच वाढली म्हणायला हरकत नाही.

हातात एक गुण होता. त्याचे दोन अर्थ निघत नव्हते. इंडिकेटरचे निघतात. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो. आता हा 'उजवीकडून जा' म्हणतोय, का 'समोरून गाडी येतेय, थांब' म्हणतोय, का स्वतःच उजवीकडं पेट्रोल पंपावर वळतोय? माझ्या पाहण्यात तिन्ही प्रकारचे ड्रायव्हर आहेत. मी स्वतः उजवा इंडिकेटर म्हणजे वळणार, एवढंच धरतो आणि मागं थांबतो. 'जा' म्हणायचं असेल त्यानं डावा द्यावा आणि गाडी कडेला दाबावी. ज्या इशाऱ्याचा अर्थ अंदाजानं लावावा लागतो त्यावर आपल्या घरातली चार माणसं पैजेवर लावायची नाहीत.

२०१५ ला आपल्या राज्याच्या परिवहन खात्यानं ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' पुसायला लावलं. विनाकारण हॉर्न वाजवायला ते फूस देतं, असं कारण. मला त्याचं फार दुःख नाही, हॉर्नचा त्रास खराच आहे. पण त्याच पाठीवर 'रात्री डिपर वापरा' हेही लिहिलेलं असायचं. गाडीची पाठ मागच्याशी बोलत होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता आपल्या ट्रॉलीची पाठ बघा.

एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वीस टनांच्या पुढं ऊस, ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी वाढं लोंबतंय. ही काय लहान गाडी झाली का? लांबीत आणि वजनात ती ट्रकच्या बरोबरीची आहे. पण तिला मागं टेल लाईट नाही, ब्रेक लाईट नाही, इंडिकेटर नाही. आरसा असला तरी उसानं झाकलेला. वर ट्रॅक्टरवर दोन मोठे स्पीकर, त्यामुळं मागून हॉर्न दिला तरी ऐकू येत नाही. ही गाडी ना काही सांगू शकते, ना ऐकू शकते. मुकी आणि बहिरी. अन् समोरून एकच हेडलाईट चालू, तोही डावीकडचा. समोरच्याला वाटतं मोटारसायकल येतेय, तो निवांत येतो आणि थेट मोठ्या चाकाला भिडतो.

हिशोब करून दाखवतो. भरलेला ट्रॅक्टर चालतो तासाला वीसनं. मागून गाडी येते ऐंशीनं. फरक साठचा, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. लाईट खाली घेतलेली असेल तर उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटर. ट्रॉली दिसल्यापासून धडक बसेपर्यंत हातात तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद तर हे काय आहे ते कळण्यातच जातो. ब्रेकला उरतं काय? एक लाल दिवा तीनशे मीटरवरून दिसला असता.

ट्रॉली बिघडली की आणखी तऱ्हा. टायर फुटला, ॲक्सल तुटला, की मागची ट्रॉली तिथंच सोडून ट्रॅक्टर पुढची घेऊन काट्यावर जातो. मागं चार दगड आणि लिंबाची एक फांदी. दिवसा फांदी चालते, रात्री फांदीला कोण विचारतो? आणि ट्रॉली नेल्यावर दगड कुणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी त्या दगडावर दूधवाला पडतो.

गंमत अशी की पुढं आरटीओ उभा असला तर हेच सगळे जण समोरच्याला आवर्जून डिपर मारतात. पुढं अंधारात बंद ट्रॉली उभी आहे हे सांगायला मात्र कुणाचा हात स्विचकडं जात नाही. म्हणजे भाषा विसरलेली नाही. दंड वाचवायला येते, जीव वाचवायला येत नाही.

बोललं की उत्तरं ठरलेली. 'आम्ही गरीब शेतकरी, आमच्यावर कशाला नियम.' अरे, ट्रॅक्टर पाच-सात लाखांचा, स्पीकरला पैसे आहेत, पाठीवर देवाचं आणि नेत्याचं नाव रंगवायला आहेत, आणि दोन लाल दिवे आणि वायरला गरिबी आडवी येते? 'ट्रॉली जोडता-सोडता वायर तुटते.' हे खरं आहे. म्हणून तर सॉकेट-पिन असते, खेचली की सुटते, तुटत नाही. 'उसानं दिवा झाकतो.' हेही खरं. मग ऊस बांधून झाल्यावर रिफ्लेक्टरचं कापड वरून दोरीत ओवून मागं सोडा, सगळ्यात शेवटी, वाढ्याच्या बाहेर. हे काम भरणाऱ्याचं नाही, ड्रायव्हरचं आहे.

आणि दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. त्याला टनावर आणि अंतरावर पैसे. जितक्या खेपा तितका पैसा, म्हणून तो रात्री दोनला डुलक्या घेत चाललेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या आवारात रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, साहेब येतात, दहा ट्रॉल्यांना पट्ट्या लागतात, फोटो निघतो. बाकीच्या ट्रॉल्या फोटोच्या बाहेर. खरं बघायची जागा आहे काटा. तिथं प्रत्येक ट्रॉली येतेच, एकही चुकत नाही. तिथं वजन किलोवर बघतात, पण मागचा दिवा कुणी बघत नाही. ज्या ट्रॉलीला दिवा नाही तिला पुढच्या खेपेचा नंबर देऊ नका. बघा आठ दिवसांत सगळ्या ट्रॉल्या बोलायला लागतात की नाही. पोलिसाला रस्त्यावर जे जमणार नाही ते काट्यावरचा एक कारकून करू शकतो.

मला याचा एवढा राग का, तेही सांगतो. आत्ता ज्या ट्रॉल्या निघाल्यात त्यात ऊस नाही. त्यात माणसं आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर, सगळीकडून कोयते चाललेत. संसाराचं बोचकं, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या, आणि त्यावर बायका-पोरं. दिवसभर बांधाबांध करून निघतात संध्याकाळी, म्हणजे सगळा प्रवास रात्रीचा. मागून कुणी धडकलं तर ड्रायव्हरला काही होत नाही, तो सगळ्यात पुढं असतो. मागच्या ट्रॉलीत फळीला टेकून झोपलेलं पोर सगळ्यात आधी सापडतं. उचल घेतलेल्या माणसाला मुकादमाशी भांडायची सोय नसते हे मला माहीत आहे. पण 'दिवा लावल्याशिवाय बसत नाही' एवढं टोळीतल्या चौघांनी मिळून म्हणलं तर मुकादम काय टोळी इथंच सोडून जाणार आहे का? त्याची लाखाची उचल त्या ट्रॉलीत बसलेली असते.

ज्यांच्या टोळ्या अजून निघायच्यात त्यांनी ट्रॉली आमच्या वस्तीवर आणावी. सॉकेट, वायर, दोन दिवे तुम्ही आणा, जोडून मी देतो, मजुरी नको. बॅटरी चार्ज असलेली आणा आणि स्पीकर काढून या, नाहीतर आधी त्याचीच वायर कापीन.