पुणे विमानतळाच्या मर्यादा
पुण्याच्या ईशान्येस लोहगाव येथे असलेला पुणे विमानतळ मूलतः भारतीय हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असले तरी धावपट्टी हवाई दलाच्या ताब्यात असल्याने नागरी उड्डाणांच्या वेळा लष्करी गरजांनुसार ठरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी नागरी उड्डाणे सुमारे दोन आठवडे पूर्णपणे बंद होती. जुन्या टर्मिनलमधील गर्दीवर उपाय म्हणून बांधलेले नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. त्यामुळे प्रवाशांसाठीची जागा वाढली. धावपट्टी मात्र एकच राहिली. सुमारे २,५३५ मीटर लांबीच्या या धावपट्टीवरून मोठ्या विमानांना पूर्ण भारासह दूरवरचे उड्डाण करणे कठीण असते. परिणामी लांब पल्ल्याच्या परदेश प्रवासासाठी अनेक पुणेकरांना मुंबई गाठावी लागते. पुरंदर तालुक्यातील प्रस्तावित विमानतळ हा यावरील दीर्घकालीन पर्याय मानला जातो.