बाबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते



इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) वडीलधाऱ्यांवरचा लेख मागील अंकात वाचला. ‘मुलाबाळांसाठी खस्ता खाल्ल्या, पण तोंडातून तक्रार नाही’ हे लेखकाने केलेले कौतुक प्रेमळ आहे. माझ्या बाबांना मात्र ते लागू पडत नाही. बाबा भांडायचे.

मुंबईची गिरणी सोडून ते नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनात आले आणि पुन्हा कापडगिरणीतच लागले. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य ज्यू धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. कोकणात पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या लोकांकडे ज्यू असल्याचा पुरावा मागितला जात होता! १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, तेव्हा बाबा पाळी बुडवून गेले. घरात आम्ही लहान पोरी, पगार कापला जाणार हे ठाऊक असूनही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला निर्देशांतून आमच्या समाजाचे नाव काढावे लागले. नातवंडांची लग्ने निर्वेध लागली, ती या भांडणामुळे.

आजोबा म्हणून ते लाघवी होते, हे खरे. मलिदा या आमच्या धार्मिक विधीच्या दिवशी पोहे, गूळ, ओले खोबरे स्वतः कालवायचे आणि नातवंडांना आधी द्यायचे. (खोबरे कमी पडले की आमची खरडपट्टी ठरलेली.)

लेखात १९६४ च्या लढ्याचा उल्लेखच नाही. पुढच्या अंकात तो यावा, ही विनंती.

— एक वाचक, दिमोना