सडा रिकामा नाही आणि कार्ट परकी नाही : वेगाच्या इतिहासाविषयी पसरलेल्या तीन गैरसमजांचा समाचार (धागा)

१/
राजापूर तालुक्यातील नाटे म्हणजे यशवंतगड, साखरी नाट्याचे मच्छीमार बंदर आणि खाडीपलीकडचे जैतापूर. या किनाऱ्याच्या वर मैलोन्‌मैल पसरलेला जांभ्याचा सडा पाहिला की हल्लीच्या तरुणांना एक कल्पना हमखास सुचते : येथे गो-कार्टचा ट्रॅक झाला तर? कल्पना वाईट नाही. तिच्या बाजूने आणि तिच्याविरुद्ध जो 'इतिहास' सांगितला जातो, तो मात्र जवळजवळ सगळा चुकीचा आहे.

२/
दावे तीन आहेत. पहिला : कार्टिंग हा परदेशी श्रीमंतांचा चाळा, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही. दुसरा, याच्या नेमका उलट : रथ, छकडे, शर्यती हे सारे आपल्याकडे होतेच, कार्ट ही त्याचीच नक्कल. तिसरा : सडा हा निरुपयोगी कातळ आहे, त्यावर डांबर ओतल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पहिले दोन दावे हास्यास्पद आहेत. तिसरा धोकादायक आहे.

३/
पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स या कारागिराने पहिली कार्ट बांधली. शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या 'कर्टिस क्राफ्ट' या कारखान्यात तो काम करी. लू बोरेली हा त्याचा साथीदार. सांगाडा लोखंडी नळ्यांचा, इंजिन गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेले वेस्ट बेंड कंपनीचे, शक्ती जेमतेम अडीच अश्वशक्ती. ना छप्पर, ना दार, ना स्प्रिंग. ज्या खेळाला आज 'श्रीमंतांचा' म्हटले जाते, त्याचा जन्म उरलेल्या मालातून झाला.

४/
पहिल्या कार्ट धावल्या त्याही कोणत्या आलिशान ट्रॅकवर नव्हे, तर पॅसाडेना येथील रोझ बोल क्रीडागाराच्या वाहनतळावर. काही वर्षांतच मॅककलक कंपनीने खास कार्टसाठी इंजिन काढले आणि १९६२ मध्ये या खेळाचे नियमन करणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. अंगणातल्या खटाटोपापासून जागतिक नियमावलीपर्यंतचा हा प्रवास अवघ्या सहा वर्षांचा आहे.

५/
मायकेल शूमाकरचे उदाहरण तर सर्वपरिचित आहे. वडील गवंडीकाम करणारे. त्यांनी मुलाच्या पायडलच्या खेळगाडीला मोटारसायकलचे छोटे इंजिन जोडून दिले. पुढे वडील केर्पेनचा कार्ट ट्रॅक सांभाळू लागले, आई तेथील उपाहारगृह पाहू लागली, आणि मुलगा इतरांनी टाकून दिलेल्या टायरांवर शर्यती जिंकू लागला. वरच्या स्तरावरचे कार्टिंग आज महाग झाले आहे, हे खरेच. पण एखादा खेळ महाग होणे आणि तो मुळातच श्रीमंतांचा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बदलता येते. म्हणूनच तिला दुसरीचे नाव देऊन गप्प बसणे सोयीचे असते.

६/
आपल्याकडे गॅरेजमधून जुनी बेअरिंगे मागून आणून, फळीला खिळवून उतारावरून सोडलेली 'बेअरिंगची गाडी' कोणत्या गावातल्या मुलांना ठाऊक नाही? अमेरिकेतील मुलांच्या अशाच घरगुती गाड्यांच्या शर्यतींना ओहायो राज्यातील डेटन शहरात १९३० च्या दशकात संघटित रूप मिळाले. तेथे मुलांच्या उद्योगाला स्पर्धा, नियम आणि प्रायोजक मिळाले. येथे 'रस्त्यावर उनाडक्या करू नका' एवढेच मिळाले. फरक मातीचा नाही, पाठबळाचा आहे.

७/
आता दुसरा दावा. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या साऱ्या वादात 'परंपरा' हा शब्द कळीचा ठरला. तेव्हापासून चाक असलेल्या प्रत्येक खेळाला हजारो वर्षांची वंशावळ चिकटवण्याची चढाओढ लागली आहे. शाहू महाराज घोडे तयार करण्यासाठी स्वतः हाकीत तो 'खडखडा'ही कोणी कार्टचा पूर्वज ठरवला, तर आश्चर्य वाटू नये.

८/
कोकणाच्या बाबतीत ही वंशावळ विशेषच लंगडी आहे. कारण दक्षिण कोकणात चाक हेच उशिरा आलेले साधन. सतराव्या शतकात राजापूर हे मोठे बंदर होते, इंग्रजांची वखार तेथे होती. पण घाटमाथ्यावरचा माल अणस्कुऱ्यासारख्या घाटांतून उतरे तो बैलांच्या पाठीवर. किनाऱ्यावरची वाहतूक होती गलबतांची आणि पडावांची. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला तोच १८३० मध्ये, आणि तोही उत्तरेला, मुंबई-पुण्याच्या वाटेवर. ज्या मुलखात गाडीवाटच नव्हती, तेथे गाड्यांच्या शर्यतींची प्राचीन परंपरा कोठून आणायची?

९/
रत्नागिरी जिल्ह्याचा स्वतःचा बैलांचा खेळ आहे तो पावसाळ्यातील चिखलनांगरणीचा. तो भातशेतीतून, येथल्या पावसातून आणि येथल्या जमिनीतून उगवला आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याचा अभिमान वाटावा म्हणून कार्टला परकी ठरवण्याची गरज नाही, आणि कार्ट आपलीशी वाटावी म्हणून तिला रथाची नात ठरवण्याचीही गरज नाही. परंपरा नसलेली गोष्टही चांगली असू शकते. क्रिकेट खेळताना हा प्रश्न कोणाला पडत नाही.

१०/
महाराष्ट्रात कार्टिंग रुजले कोठे, हे पाहिले की खरे कारण सापडते. कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांसारखे चालक त्याच शहरातून पुढे आले. कोल्हापूरच का? पैसा हे एक कारण आहेच. पण शिवाजी उद्यमनगर, ओतशाळा, लेथवर हात बसलेले कारागीर हे दुसरे, आणि खेळ टिकून राहण्याच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे. कार्ट विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार आहे. ती चालू ठेवणे हा रोजचा उद्योग आहे.

११/
हे समजण्यासाठी कार्टची रचना पाहावी. तिला स्प्रिंग नसतात आणि डिफरन्शियलही नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली, म्हणजे दोन्ही सारख्याच गतीने फिरणार. वळणावर मात्र आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते. मग कार्ट वळते कशी? पुढच्या चाकांच्या कोनांमुळे आणि सांगाड्याच्या लवचिकपणामुळे आतले मागचे चाक क्षणभर उचलले जाते. म्हणजे सांगाडा हीच कार्टची स्प्रिंग. म्हणून जोडकामाला बारीक तडा गेला किंवा नळी वाकली, की गाडी हट्टीपणे सरळच जाऊ पाहते.

१२/
देखभाल यातूनच ठरते. प्रत्येक फेरीनंतर साखळी पुसून तेल देणे, दातेरी चक्र एका रेषेत आहे की नाही ते पाहणे, टायरांतील हवा तपासणे, नटबोल्ट आवळणे, जोडकामे डोळ्यांखालून घालणे. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमधील तेलाचे प्रमाण चुकता कामा नये. कोकणात याशिवाय दोन शत्रू : खारा वारा आणि जांभ्याची लाल धूळ. पहिला नळ्या गंजवतो, दुसरी हवेच्या गाळणीतून शिरून इंजिन झिजवते. पावसाळ्याचे चार महिने तर कार्बुरेटर रिकामा करून, उघड्या लोखंडाला तेलाचा हात देऊन गाडी जमिनीपासून उंच ठेवावी लागते.

१३/
आणि येथेच साखरी नाटे आठवावे. खाऱ्या वाऱ्यात इंजिन जिवंत ठेवण्याची विद्या या बंदरात आहेच. होड्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या हातांना ती कोणी शिकवण्याची गरज नाही. नाट्याला कार्टिंग हवे असेल तर त्याचा पाया या कारागिरांच्या हाती आहे. ते सोडून जो तो आधी जमीन शोधत सुटतो. तेथूनच तिसऱ्या, घातक दाव्याची सुरुवात होते.

१४/
'सडा रिकामा आहे.' हे वाक्य निसर्गाचे वर्णन नाही, ती महसुली भाषा आहे. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, असे दप्तरात लिहिले गेले आणि पुढे ते सर्वांनी खरे मानले. प्रत्यक्षात त्याच कातळावर पावसाळ्यात उथळ डबकी भरतात, रानफुलांचा गालिचा उलगडतो, गुरे चरतात, आणि जांभ्यातून झिरपलेले पाणी उताराखालच्या विहिरींना व झऱ्यांना मिळते. अर्थात हे सगळे सातबाऱ्यावर दिसत नाही.

१५/
आणि कातळशिल्पे? राजापूर तालुक्यातच कशेळीचा तो महाकाय हत्ती आहे, ज्याच्या देहात इतर प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांमधला माणूस आहे. देवाचे गोठणे, देवीहसोळ ही नावे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ पासून आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी तुडवले, गावकऱ्यांना विचारले, माती झाडली, तेव्हा ही चित्रे जगासमोर आली. त्यांतील कित्येक मातीखाली होती. म्हणजे 'येथे काही दिसत नाही' हा 'येथे काही नाही' याचा पुरावा नव्हे. या रेषा फार खोल नाहीत. रोलर एकदा फिरला की काम संपले. मग शोधायला कोणी आले तरी उपयोग नाही.

१६/
येथे कोणी म्हणेल : मग कोकणातल्या मुलांनी खेळायचेच नाही काय? वेगाचा इतिहास याचेही उत्तर देतो. या खेळांनी बहुधा वापरात आलेल्याच जागा घेतल्या. सिल्व्हरस्टोन हा महायुद्धातील विमानतळ, तेथे १९४८ मध्ये शर्यती सुरू झाल्या. मद्रासजवळचे शोलावरम हीसुद्धा महायुद्धकालीन धावपट्टी. मुंबईत मोटारी धावल्या त्या जुहूच्या धावपट्टीवर. आणि कार्टिंगचा जन्म तर वाहनतळावरच. कोऱ्या जमिनीशिवाय खेळ होत नाही, ही समजूत इतिहासाची नाही, ती जमिनीच्या व्यापाराची आहे.

१७/
म्हणून मागणी नेमकी असावी. बंद पडलेल्या चिरेखाणीचा सपाट तळ, वापरात नसलेले आवार, आठवडाभर मोकळा राहणारा वाहनतळ : जागा अशी, आधीच माणसाने बदललेली. कडेला जुन्या टायरांची भिंत, एक पत्र्याची शेड, आणि तेथे मुलांना वेल्डिंग व इंजिन शिकवणारा गावातलाच मिस्त्री. स्पर्धा नंतर. ज्या मुलाने स्वतः साखळी बसवली, तो त्या गाडीची किंमत विकत घेणाऱ्यापेक्षा अधिक जाणतो. आणि सड्यावर कोणतेही काम सुरू होण्याआधी त्याची पायी पाहणी व नोंद व्हावी, ही अट फक्त कार्टला नव्हे, येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला लागू असावी. मोठ्या प्रकल्पांना सवलत आणि मुलांच्या खेळाला अडवणूक, असे झाले तर तो वारशाचा कळवळा नसून निव्वळ दुटप्पीपणा ठरेल.

१८/
तात्पर्य : कार्ट परकी नाही, कारण उरल्यासुरल्या लोखंडातून वेग घडवण्याची हौस कोणा एका देशाची मालमत्ता नाही. ती प्राचीनही नाही, आणि त्यात कमीपणा नाही. सडा रिकामा नाही. तो रिकामा दिसतो, कारण त्याच्याकडे दप्तरातून पाहिले जाते. यापुढे कोणी 'नाट्याला ट्रॅक हवा' म्हणाले तर त्याला विरोध करू नये. फक्त दोन प्रश्न विचारावेत : कोणत्या जागेवर? आणि गाड्यांची देखभाल कोण करणार? ज्याच्याकडे या दोहोंची उत्तरे असतील त्याला खेळ हवा आहे. ज्याच्याकडे नसतील त्याला बहुधा जमीन हवी आहे.