ढेकरावर कर, पण कोणाच्या गुरांच्या?

गाईच्या ढेकरावर कर! ही थट्टा नव्हे. डेन्मार्कमध्ये २०२४ साली सरकार, शेतकरी संघटना व पर्यावरणवाद्यांत करार झाला. २०३० पासून गुरांमुळे हवेत जाणाऱ्या वायूंवर टनामागे ३०० क्रोनर कर बसेल, २०३५ मध्ये ७५०. साठ टक्के सूट असल्याने प्रत्यक्ष भार १२० व ३०० क्रोनर. न्यूझीलंडमध्ये उलट घडले. संशोधनासाठीची पट्टी शेतकऱ्यांनी २००३ साली हाणून पाडली आणि २०२२ चा कराचा प्रस्तावही पुढे सरकार बदलल्यावर बारगळला.

गुरांच्या पोटात चारा आंबताना मिथेन वायू तयार होतो व मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे. आपल्या देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार गाई-बैल १९ कोटींहून अधिक आणि म्हशी सुमारे ११ कोटी. म्हणून जगाचे बोट आपल्याकडे वळते.

ग्लासगो येथे २०२१ साली मिथेन घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली. भारताने तीवर सही केली नाही. आमच्या मते ते योग्यच झाले. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच बजावले होते की, पोटासाठीचा धूर आणि चैनीचा धूर एका तागडीत तोलू नये. दोन म्हशींवर घर चालवणारी बाई आणि हजार गाईंचा गोठा यांना एकच कायदा कसा लावणार?

पण गरिबाची ढाल पुढे करून स्वस्थ बसणे आम्हाला मान्य नाही. आपले जनावर दूध कमी देते, त्यामुळे लिटरमागे मिथेन जास्त पडतो. यावरचा उपाय बडोद्यापासून तासाभराच्या वाटेवर, आणंदला आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. घरचाच चारा, पेंड आणि खनिज मिश्रण योग्य प्रमाणात दिले की दुधाचा खर्च उतरतो आणि मिथेनही घटतो. शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट त्याला दंड करून शिकवावी लागत नाही.

मात्र चारा हवा, तर गायरान हवे. इकडे ज्याला गौचर म्हणतात, ती जमीन अतिक्रमणात आणि कारखान्यांना देण्यात आटत चालली आहे. चरण्याची जागा काढून घ्यायची आणि वर जनावराच्या ढेकरेचा हिशेब मागायचा, हा कुठला न्याय?

आमची भूमिका स्पष्ट आहे. चार-पाच जनावरे असणाऱ्या कुटुंबावर कसलाही कर नको. मोठ्या गोठ्यांना शेणापासून गोबरगॅस करण्याची सक्ती असावी. आहाराचा सल्ला व खनिज मिश्रण गावच्या दूध मंडळीतून सरकारी खर्चाने मिळावे. गौचर मोकळे करावे.

आपण शहरात राहतो, पण सकाळचा चहा त्याच म्हशींच्या दुधाचा असतो. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना सभासदांनी हा प्रश्न अवश्य विचारावा.