विश्लेषण : अदानी समूहाचा विस्तार आणि मोहाडीचे वीजबिल

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात घरोघरी येणाऱ्या महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्या जोडीला ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. ही रक्कम महिन्यागणिक बदलते. कधी ती शून्य असते, कधी युनिटमागे काही पैसे. बहुतेक ग्राहक ‘एकूण देयक’ पाहून बिल घडी करून ठेवतात. देशातील एका बलाढ्य उद्योगसमूहाबद्दलच्या वादाचा सामान्य माणसाशी थेट संबंध येतो तो मात्र याच ओळीपाशी.

मोहाडीचा या समूहाशी संबंध काय?

मोहाडीला लागून असलेल्या तिरोडा तालुक्यात अदानी पॉवरचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तिरोडाही भंडारा जिल्ह्यातच होता. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण क्षमता ३३०० मेगावॉट. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला, पाचवा २०१४ मध्ये. प्रकल्पाला पाणी वैनगंगेचे. यातील ३०८५ मेगावॉट विजेसाठी महावितरणने दीर्घ मुदतीचे करार केले आहेत. म्हणजे जवळपास सगळी वीज राज्याचीच सरकारी कंपनी विकत घेते आणि तिचा खर्च राज्यभरातील ग्राहकांत वाटला जातो. प्रकल्प शेजारी आहे म्हणून मोहाडीला वीज ना आधी मिळते, ना स्वस्त. कृषिपंपांना आजही वेळापत्रकानेच वीज येते आणि उन्हाळी धानाच्या हंगामात रात्रपाळी आली की शेतकऱ्याला अंधारात बांधावर जावे लागते.

समूह इतका मोठा कसा झाला?

गौतम अदानी यांनी १९८८ मध्ये अहमदाबादेत आयात-निर्यातीचा व्यवसाय सुरू केला. १९९८ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर मुंद्रा बंदर कार्यान्वित झाले आणि समूहाची दिशा ठरली. बंदर असेल तर कोळसा आणता येतो, कोळसा असेल तर वीज निर्माण करता येते, वीज असेल तर वाहिन्या टाकता येतात. एका व्यवसायाने पुढच्या व्यवसायाचे दार उघडले. २०१८ मध्ये मुंबई उपनगरांतील वीज वितरण रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरकडून या समूहाकडे आले. २०२१ मध्ये मुंबई विमानतळ, २०२२ मध्ये अंबुजा व एसीसी या सिमेंट कंपन्या आणि त्याच वर्षी धारावी पुनर्विकासाची निविदा मिळाली. तिरोड्याची वीज नेण्यासाठी कोराडी, अकोलामार्गे औरंगाबादपर्यंत टाकलेली ७६५ केव्हीची पारेषण वाहिनीही याच समूहाची.

या वाढीला दुसरी बाजूही आहे. मुंद्रा बंदर वेळेत उभे राहिले, तिरोड्याचे पाचही संच चालू झाले. याच काळात देशातील अनेक खासगी वीज प्रकल्प कर्जात बुडाले किंवा अर्धवट राहिले. प्रकल्प पूर्णत्वाला नेण्याची ही क्षमता टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

वाद कोणते?

२४ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेतील हिंडेनबर्ग रिसर्च या संस्थेने समूहावर समभागांच्या किमती फुगवल्याचा आणि हिशेबांत लबाडी केल्याचा आरोप केला. समूहाने तो फेटाळला. मात्र समभाग कोसळले आणि २० हजार कोटी रुपयांची समभाग विक्री मागे घ्यावी लागली. ३ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा तपास सेबीकडून काढून घेण्यास नकार दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने संबंधित कंपन्यांमधील व्यवहारांबाबतचे काही आरोप सिद्ध होत नसल्याचे आदेश दिले. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी सौरवीज करारांसाठी भारतीय अधिकाऱ्यांना लाच देऊ केल्याचा आरोप ठेवला. समूहाने तोही निराधार ठरवला.

हे आरोप खरे की खोटे, हे न्यायालये आणि नियामक ठरवतील. त्यावर समाजमाध्यमांत हिरिरीने बाजू घेणाऱ्यांची कमी नाही. मोहाडीच्या ग्राहकाच्या खिशाशी संबंध असलेला वाद मात्र वेगळाच आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

कोळसा कमी पडला, भुर्दंड कुणाला?

तिरोडा प्रकल्पासाठी २००७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा खाणपट्टा देण्यात आला होता. तो ताडोबाच्या जंगलाला लागून असल्याने पर्यावरण मंत्रालयाने मंजुरीची प्रक्रिया पुढे जाऊ दिली नाही. वाघांसाठी तो निर्णय योग्यच होता. पण हक्काचा कोळसा गेला, सरकारी कंपन्यांकडूनही पुरेसा मिळेना आणि महागडा पर्यायी कोळसा आणावा लागला. हा जादा खर्च कोणी सोसायचा?

वीज खरेदी करारांत ‘कायद्यातील बदल’ असे एक कलम असते. सरकारी धोरण बदलल्याने खर्च वाढला, तर उत्पादकाला भरपाई मिळते. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची सीमा आखून दिली. इंडोनेशियातील नियम बदलल्याने आयात कोळसा महागला, तर तो इथल्या करारात ‘कायद्यातील बदल’ ठरत नाही. देशांतर्गत कोळशाचे धोरण बदलल्याने तूट आली, तर ठरतो. याच तत्त्वावर मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले आणि अदानी पॉवर महाराष्ट्रच्या बाजूने निकाल दिला.

कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. हे कलम एका समूहापुरते नाही, त्याचा लाभ इतर खासगी वीज कंपन्यांनाही झाला आहे. पण परिणाम पाहा. निविदा जिंकताना दर एक असतो आणि प्रत्यक्ष बिलात येणारा खर्च दुसराच. ही भरपाई, खटला लांबल्यास त्यावरच्या व्याजासह, इंधन समायोजन आकारातून किंवा पुढच्या दरनिश्चितीतून ग्राहकापर्यंत पोहोचते. कोळसा देण्याचे वचन सरकारचे, वीज विकणारी कंपनी खासगी आणि जोखीम मात्र ज्याने करार कधी पाहिलाही नाही त्या ग्राहकाची.

हा प्रश्न आताच का?

सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने ६६०० मेगावॉट विजेसाठी पुन्हा अदानी समूहालाच इरादापत्र दिले. त्यात १६०० मेगावॉट औष्णिक आणि ५००० मेगावॉट सौरवीज, सरासरी दर युनिटमागे ४ रुपये ८ पैसे. दर कमी असल्याने ग्राहकांचा फायदाच होईल, असे महावितरणचे म्हणणे. कोळसा आणि सौर अशी एकत्र निविदा काढल्याने स्पर्धा आकुंचित झाली, असा विरोधकांचा आक्षेप. करार २५ वर्षांचा असल्याने आज मोहाडीच्या शाळेत शिकणारे मूल संसाराला लागेल तोवर हा दर त्याच्या बिलात असेल.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९२१ मध्ये टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध मावळातील शेतकरी उभे राहिले, सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना, जमीन मावळ्यांची, असा तो सौदा होता. धरण झाले. विकास हवाच, पण त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न शंभर वर्षे जागचा हललेला नाही.

मग करायचे काय?

एखादा समूह मोठा आहे म्हणून तो चोर ठरत नाही आणि रोजगार देतो म्हणून देवही ठरत नाही. कोळसा, वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण या साखळीच्या बहुतेक कड्यांत एकच नाव दिसू लागले, की समोरचा खरेदीदार आणि नियामक तितकेच भक्कम असावे लागतात. त्यासाठी तीन गोष्टी लगेच होऊ शकतात. ‘कायद्यातील बदल’ म्हणून कोणत्या प्रकल्पाला किती भरपाई दिली आणि ती युनिटमागे किती पैसे पडली, हे महावितरणने सोप्या मराठीत दरवर्षी जाहीर करावे. औष्णिक आणि सौर विजेच्या निविदा स्वतंत्र काढाव्यात. राज्य वीज नियामक आयोगाने दरवाढीची सुनावणी मोठ्या शहरांपुरती न ठेवता भंडारा-गोंदियासारख्या, जिथे वीज तयार होते त्या जिल्ह्यांतही घ्यावी.

दरवाढीच्या याचिकेवर हरकत घेण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आजही आहे. तो वापरायचा, तर पुढचे बिल घडी करण्याआधी ‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ एकदा वाचावी लागेल.