पश्चिम सुमात्राचा प्रवास आणि आपलं हक्कसोडपत्र

आपल्याकडे परदेश म्हटलं की उमरा, नाहीतर दुबई. इंडोनेशिया म्हटलं की फक्त बाली. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको पश्चिम सुमात्राला जाऊन आलो, तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं काय आहे?" दुसरा अर्थातच खर्चाचा. आधी व्यवहाराचं सांगतो, मग मनातलं.

मुंबईहून थेट विमान नाही. क्वालालंपूरला विमान बदलावं लागतं, तिथून पाडांग तासाभराच्या अंतरावर आहे. भारतीयांना विमानतळावर पोहोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. फी पाच लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, आपले साधारण अडीच-तीन हजार रुपये होतात. तोच व्हिसा घरूनही ऑनलाइन काढता येतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. घड्याळ दीड तास पुढे करायचं.

हा प्रांत विषुववृत्तावर आहे. पाऊस वर्षभर केव्हाही येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर जास्त. पाडांगमध्ये कोकणासारखा घाम निघतो, पण नव्वद किलोमीटरवरचं बुकिटिंग्गी नऊशे मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री स्वेटर लागतो. रस्ता घाटाचा आहे, तीन तास धरून चला. मे 2024 मध्ये पुराने हाच रस्ता तोडला होता. जवळचा मारापी ज्वालामुखी जागा आहे. डिसेंबर 2023 च्या उद्रेकात तिथे गिर्यारोहकांचे जीव गेले. निघण्यापूर्वी दोन्हींची चौकशी करा.

जेवणाची चिंता नको. पाडांगच्या खानावळीत बसलात की न मागता दहा-बारा बशा समोर मांडतात. आम्ही घाबरलो, एवढ्याचं बिल कोण भरणार? नंतर कळलं, ज्या बशीला हात लावाल तिचेच पैसे. गोमांस नको असेल तर कोंबडी, मासे आणि टोफू मिळतात.

नमाजला अडचण नाही. तिथले लोक शाफई, त्यामुळे आपल्या कोकणी बांधवांना घरच्यासारखं वाटेल. आम्हा हनफींना असरची अजान लवकर ऐकू येते, एवढाच फरक. प्रत्येक मस्जिदीत बायकांसाठी जागा होती आणि 'मुकेना' हा नमाजचा पोशाखही ठेवलेला होता. माझी बायको आठ दिवस रोज जमातीसोबत नमाज पढली. आमच्या गावात तिने मस्जिद फक्त बाहेरून पाहिली आहे.

आता मनातलं. इथले मिनांगकाबाऊ लोक पक्के मुसलमान, पण कूळ आईकडून चालतं. वडिलोपार्जित घर आणि भातशेती आईकडून मुलींकडे जाते आणि सहसा विकली जात नाही. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. स्वतः कमावलेली मालमत्ता मात्र शरीयतप्रमाणे वाटली जाते. बातुसांगकारजवळचा पागारुयुंग राजवाडा पाहाल तेव्हा म्हशीच्या शिंगांसारखं टोकदार छप्पर दिसेल. त्या छपराखालचा हा हिशेब समजून घ्या.

हे सगळ्यांना मान्य होतं असं नाही. मक्केच्या मस्जिद अल-हरामचे शाफई इमाम झालेले शेख अहमद खतीब याच मातीतले. त्यांनी या वारसापद्धतीला कडाडून विरोध केला. आज पाडांगच्या मोठ्या मस्जिदीला त्यांचंच नाव आहे, आणि तिच्या छपराचा आकार त्याच पारंपरिक घरांची आठवण देतो. वाटेत पाडांग पांजांगला रहमा अल-युनुसिया यांनी 1923 साली काढलेली मुलींची शाळा आहे. अल-अझहरने पुढे त्यांना 'शेखा' ही पदवी दिली. सावित्रीबाई आणि फातिमाबी शेख यांचं नाव घेणाऱ्या मास्तराने ती शाळा चुकवू नये.

मिनांगकाबाऊंची पद्धत आपण उचलावी असं माझं म्हणणं नाही. ती बरोबर की चूक, हे आलिमांनी पाहावं. पण तिथे वाद हा आहे की मुलींना शरीयतपेक्षा वेगळ्या पद्धतीने जमीन का द्यावी. आपल्याकडे कुरआनने मुलीला ठरवून दिलेला वाटासुद्धा हातात पडत नाही. अब्बा गेल्यावर तलाठी कार्यालयात माझ्या दोन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. "माहेर तुटायला नको," एवढंच त्या म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो, गप्प. शरीयतमध्ये कुणी हात घालू नये म्हणून मोर्चात चालणारा मीच होतो.

राजवाड्यातून उतरताना बायकोने विचारलं, "आपाचा वाटा किती होतो?" हिशेब मला पाठ होता, वर्गात शिकवण्याइतका. परत आल्यावर सातबारा काढला आणि दोन्ही बहिणींना घरी बोलावलं. धाकटी म्हणाली, "भाई, आता कशाला?" थोरली काही बोलली नाही, कागद नीट वाचत बसली. मोजणीची तारीख अजून यायची आहे.

तुम्ही पाडांगला जा, जरूर जा. पैसे नसतील तर राहू द्या. सातबारा काढायला व्हिसा लागत नाही.